आईनं काढलेला कागद

भिंतीवरचा कागद काढणं आणि कोंबडीची पिसं काढणं यात काही फरक नाही, असं शेम्सा म्हणायची. आधी कढत पाणी मारायचं, जरा दम धरायचा आणि मग कोपऱ्यापासून हळू सुरुवात करायची. घाई केली की कातडं फाटतं आणि हातात नुसत्या चिंध्या येतात.

हे काम तिच्याकडं आलं ते दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. ती मूळची रोगातित्साच्या वरच्या अंगाच्या एका खेड्यातली. सारायेवोत ट्राम चालवणाऱ्याशी लग्न होऊन आली. नवरा ऐन चाळिशीत छातीत कळ येऊन गेला, तेव्हा पदरात एकच पोरगं, झाइम. शहराच्या दप्तरखान्यात तिला फरशी पुसायचं काम मिळालं. तिथल्या साहेबाच्या डोक्यात एकदा आलं की सरकारी कागद सगळेच जपतात, भिंतीवरचे कोण जपणार? शिकलेल्या पोरी बादली घेऊन रस्त्यात उभ्या राहायला लाजत होत्या. शेम्साला लाजायला सवड नव्हती.

मग वीस-बावीस वर्षं तिनं या शहराच्या भिंती सोलल्या. अध्यक्ष मार्शलच्या वाढदिवसाची दौड, श्रमदानाची पथकं, फुटबॉलचे सामने, सर्कस, बर्फावरच्या ऑलिंपिकचे रंगीत कागद. मशिदीतल्या मौलूदाचा कागद, कॅथेड्रलातल्या गायनाचा, ऑर्थोडॉक्स देवळातल्या नाताळाचा, ज्यू मंडळीच्या जलशाचा. सगळे एकाच खळीनं, एकाच भिंतीला. प्रत्येकाच्या पाठीवर ती पेन्सिलीनं लिहायची, कुठं सापडला आणि कधी. ठाऊक नसलं तर 'ठाऊक नाही' असं लिहायची. अंदाजानं कधी लिहिलं नाही. बहुपक्षीय निवडणुकीच्या साली भिंती गाभण गाईसारख्या फुगल्या. सुरी एकदा घातली की एका दमात चार पक्ष निघायचे. शेम्सा तेव्हा साहेबाला म्हणाली होती, "एवढा कागद एकावर एक बसला की भिंत तरी पडती, न्हाईतर माणसं." साहेब हसला. पुढच्या साहेबांना हसायची पाळी आली नाही.

भोवतालच्या डोंगरांवरून शहराला वेढा पडला. पहिल्या हिवाळ्यातच भिंतींवरचा कागद चुलीत गेला. लोकांनी लाकडी फरशी जाळली, जुने बूट जाळले, ज्ञानकोशाचे खंड जाळले. भिंतीला राहिले ते फक्त मयताचे कागद, कोण गेलं ते सांगणारे. हिरव्या चौकटीचा, वर चंद्रकोर, तो मुसलमानाचा. काळ्या चौकटीचा, वर क्रूस, तो ख्रिस्ती माणसाचा. जुन्या पक्षवाल्याला लाल तारा. एकाच लिंडनच्या झाडाच्या बुंध्याला तिन्ही शेजारी शेजारी. माणूस कुडकुडत मरेल पण चाळीस दिवसांच्या आत मयताच्या कागदाला हात लावणार नाही, अशी रीत. चाळिसावा झाला की मग शेम्सा बादली घेऊन यायची आणि कागद दप्तरखान्यात जायचा.

चाळिसाच्या आत कागद उतरला असं, शेम्सा राहायची त्या बिस्त्रिकच्या चढावर एकदाच घडलं होतं. मेलेला म्हणून धरलेला एक तरणा गडी विमानतळाच्या पलीकडून चालत घरी आला. त्याची आई पदर खोचून गल्लोगल्ली फिरली आणि पोराचे सगळे कागद फराफरा फाडत सुटली. त्या दिवशी मोहल्ल्यानं मदतीतल्या पिठाचा हलवा केला. तेव्हापासून लोकांच्या मनात पक्कं बसलं की आईनं कागद काढला म्हणजे पोरगं आलं.

शेम्साचा झाइम शरदात झुचच्या डोंगरावर लढायला गेला होता. विजेच्या तारा ओढणारा माणूस. हातात बंदूक दिली तरी खिशात पक्कड असायची. धुकं पडलं, तोफा झाल्या, माणसं मागं सरली. चौघे मागं राहिले. तिघांचे देह पुढं अदलाबदलीत मिळाले. झाइमचा नाही. कुणी त्याला पडताना पाहिलं नव्हतं आणि कुणी चालतानाही पाहिलं नव्हतं.

"दिसला न्हाई म्हंजी मेला न्हाई," शेम्सा म्हणायची, आणि विषय मिटला.

घरात आता तिघी. शेम्सा, सून वेद्राना आणि वेद्रानाची दीड वर्षाची उना. तिघी स्वैपाकघरातच राहत होत्या, कारण बाकी घराला खिडक्या उरल्या नव्हत्या. धुलाईयंत्राचा पत्रा कापून चूल केली होती. उनाला खोकला होता. साधा नव्हे, पोकळ मडक्यावर टिचकी मारावी तसा आवाज छातीतून यायचा. डॉक्टर म्हणाले, हिला ऊब पाहिजे, दूध पाहिजे, कोरडी हवा पाहिजे. यातलं माझ्याकडं काही नाही.

वेद्राना मोस्तारची, शाळेत भूगोल शिकवायची. तिची बहीण समुद्राकाठी स्प्लिटला होती. एका सकाळी ती चुलीत चपलेचा तळ सारत म्हणाली, "आई, शहराबाहेर बस जाणार आहे. लेकुरवाळ्या बायकांची. कचेरीतल्या एस्रेफनं सांगितलं."

"जाऊंदे की."

"उनाला घेऊन जाते मी."

"जा. मी काय तुला दावं लावलंय?"

"बापाची सही लागते, आई. लेकराला बाहेर न्यायचं तर बापाची सही."

"मग थांब. यील की सही कराया."

वेद्रानानं चपलेचा दुसरा तुकडा हातात धरला, पण चुलीत घातला नाही. "बाप नसला तर बायकोचा जबाब चालतो. आणि भिंतीला लावलेला कागद."

"असलं काय बोलशील तर जीभ झडंल तुजी."

"जीभ झडू दे. हिचा खोकला ऐकू येतो ना तुम्हाला?"

शेम्सा उठली, बादली उचलली आणि कामाला गेली. ऐकू येत होतं. म्हणूनच गेली.

छापखान्यांनी छापलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत दप्तरखान्याला द्यायची, असा जुना कायदा होता. वेढ्यात तो पाळणारा एकच माणूस उरला होता, मातो. तळघरात पायानं चालवायच्या जुन्या यंत्रावर तो मयताचे कागद छापायचा आणि आठवड्याचा गठ्ठा सुतळीनं बांधून धाडायचा. "सरकार आहे का नाही ते मला ठाऊक नाही," तो म्हणायचा, "पण कायदा आहे."

त्या आठवड्याचा गठ्ठा शेम्सानं दप्तरखान्याच्या थंडगार टेबलावर सोडला. हिरवा, काळा, हिरवा, हिरवा, काळा. मग एक निळा. निळी चौकट म्हणजे कशावरच विश्वास नसलेला माणूस. कोण बाई हा बिनदेवाचा, असं मनात म्हणत तिनं कागद उजेडाला धरला. झाइमचं नाव होतं. बापाचं नाव होतं. जन्मसाल बरोबर होतं.

तिला हुंदका आला नाही. आली ती चीड, आणि तीही रंगाची. निळा! ती तशीच निघाली. पुलावर सगळे पळतात तशी पळाली, पण डोंगरावरून बंदुकीनं टिपणाऱ्याच्या भीतीनं नाही.

"मातो मिस्त्री! माजं पोरगं काय काफर हाय व्हय रं? निळा?"

मातो यंत्रामागून वर आला. दाढी वाढलेली, हात कोपरापर्यंत काळे. "हिरवी शाई संपली, शेम्साबाई. दिवाळं काढलं तुमच्या माणसांनी. काळी दिली असती तर म्हणाली असतीस, कॅथलिक केला. लाल दिली असती तर म्हणाली असतीस, कम्युनिस्ट केला. उरली निळी."

"आन छापायचाच कशापायी?"

मातोनं हात पुसले. तो मस्करी करायचा थांबला. "मला वाटलं, तुला ठाऊक आहे. सून आली होती. रडली नाही ती. रडली असती तर मी विचारलं असतं. जी रडत नाही तिला काही विचारायचं नसतं."

"कुटं कुटं लावलंत?"

"लिंडनला, मशिदीच्या दाराला, बेकरीला, बिअरच्या कारखान्याच्या भिंतीला. सकाळीच लावलेत. तुझ्या फाटकाला मात्र लावू दिला नाही तिनं."

शेम्सा घरी गेली नाही. रस्त्यातल्या एका डबक्यातून बादली भरली आणि लिंडनपाशी आली. खळ अजून ओली होती. आयुष्यात इतका सोपा कागद तिनं काढला नव्हता. कोपऱ्याला नख लावलं की सालपटासारखा हातात यायचा. मशिदीच्या दाराचा काढला. बेकरीचा काढला. बेकरीशेजारच्या दुसऱ्या मजल्यावर मेव्हला राहायची. शेम्साच्याच गावाकडची, तोंडानं फटकळ, मनानं उघडी. तिनं खिडकीचं प्लास्टिक बाजूला सारलं आणि पाहिलं, एक आई पोराचा कागद उतरवतेय.

"शेम्सा! अगं बये! आला?"

शेम्साच्या दातांत सुरी होती. दोन्ही हातांत ओला कागद. तिनं 'न्हाई' म्हणायला पाहिजे होतं. सुरी काढायला असा कितीसा वेळ लागतो? पण वरून तो एक शब्द आला, 'आला?', आणि तो कानाला इतका गोड लागला की शेम्साला तो पुसवेना. तिनं मान हलवली नाही, नाही म्हटलं नाही. सुरी दातांतच राहिली आणि ती कारखान्याच्या भिंतीकडं चालू लागली.

मागं मेव्हला पातेलं बडवत होती. "आला रं! झाइम आला! शेम्साचा झाइम आला!"

चढावर बातमी पाण्यासारखी खाली जात नाही, धुरासारखी वर जाते. शेम्सा घरी पोचली तेव्हा फाटकात माणसं होती. कुणी मूठभर खऱ्या कॉफीची पुडी आणली होती, कुणी मेणबत्तीचं बुटकं, कुणी अर्धी सिगारेट. एका म्हाताऱ्यानं अंडं आणलं होतं. तळहातावर धरलेलं, जणू पिल्लूच. सगळे एकदम बोलत होते. शेम्सा मधोमध उभी होती आणि तिच्या हातात ओल्या कागदांचा बोळा होता.

वेद्राना कारखान्याच्या झऱ्यावर पाण्याच्या रांगेत होती. तिच्यापर्यंत बातमी आली तेव्हा तिचा नंबर लागून कॅन भरून झाले होते. तिनं भरलेले कॅन तिथंच टाकले. वेढ्यात असं कुणी करत नाही. भरलेला कॅन म्हणजे दिवस. उनाला काखोटीला मारून ती उघड्या चौकातून, जिथं कुणी उभं राहत नाही तिथून, सरळ धावत आली. दारात शिरली. लोक बाजूला झाले.

"कुठाय?"

तिनं दारामागं पाहिलं. चुलीमागं पाहिलं. उना खोकू लागली. मग तिनं सासूच्या हातातला निळा बोळा पाहिला.

लोक हळूहळू निघाले. मेणबत्तीचं बुटकं टेबलावर राहिलं. अंडंवाल्या म्हाताऱ्यानं जरा वाट पाहिली, मग अंडं गुमान खिशात घातलं. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

वेद्राना भिंतीला टेकून खाली बसली. "रांगेपासून दारापर्यंत माझा नवरा जिवंत होता," ती म्हणाली. "एवढाच रस्ता मिळाला मला."

दुसऱ्या दिवशी ती मोहल्ल्याच्या कचेरीत गेली. कचेरीत एस्रेफ बसायचा. लढाईआधी तो फुटबॉलचा पंच होता आणि अजून गळ्यात शिट्टी घालायचा. बाँब पडायला लागले की वाजवायचा. त्यानं बसच्या यादीतलं तिचं नाव खोडलं होतं.

"नवरा आला म्हणे," तो म्हणाला. "सही आण, पोरी. मी कशाला अडवीन?"

"आला नाही. सासूबाईंनी कागद काढला नुसता."

"आईनं कागद काढला, आणि पोरगं आलं नाही? असं कधी झालंय?" त्यानं शिट्टी बोटाभोवती फिरवली. "वर लोक म्हणतात, आला म्हणून. काही म्हणतात, आला आणि तळघरात लपवलाय, डोंगरावर परत जायला नको म्हणून. उद्या लष्करी पोलीस मलाच विचारतील. मी काय सांगू?"

बस वेद्रानाला सोडून गेली.

त्यानंतर स्वैपाकघरात कुणी कुणाशी बोललं नाही. उनाला ताप चढला. खोकला आला की तिचे ओठ जांभळे व्हायचे आणि पुन्हा लाल व्हायला वेळ लागायचा. वेद्राना लेकराला मांडीवर घेऊन बसायची आणि सासूकडं बघायचीसुद्धा नाही. एकदा फक्त, शेम्सानं भाताची पेज पुढं केली तेव्हा, ती म्हणाली, "तुमचा मुलगा वाचवलात. आता माझी मुलगी कोण वाचवणार, तेवढं सांगा."

शेम्सानं पेज खाली ठेवली. शाल डोक्यावरून घेतली आणि कचेरीत गेली.

"एस्रेफ, चूक माजी हाय. पोरीचं नाव परत घाल."

"मावशी, मी पंच आहे. एकदा गोल दिला की परत घेता येत नाही."

"मग पंच कशाला ऱ्हायलास? घरी बसून चाटत बस ती शिट्टी."

रांगेतली माणसं हसली. एस्रेफही हसला, मग थांबला. "अजून एक ताफा जाणार आहे, मावशी. त्यानंतर कुणी सोडील असं वाटत नाही. कागद परत लाव. तुझ्या तोंडानं जबाब दे. आणि मोहल्ल्यानं मानलं पाहिजे. मोहल्ला मानत नसला तर माझ्या शिक्क्याला कोण विचारतं?"

कागद परत लावायचा तर छापायला पाहिजे होता, आणि मातोकडं कोरा कागद उरला नव्हता. शेम्सा दप्तरखान्यात गेली. इतक्या हिवाळ्यात तिथून तिनं पेटवण्यापुरतीही चिंधी घरी नेली नव्हती. आता तिनं निवडणुकीच्या साली सोललेल्या कागदांच्या कपाटातून एका पक्षाच्या जादा प्रती काढल्या आणि कोटाखाली गुंडाळून घेतल्या. जाड, चांगला कागद. पाठ कोरी होती. तिच्याच पेन्सिलीची एक ओळ सोडली तर.

मातोनं भेंडोळं उलगडलं. पुढच्या बाजूला हसरा चेहरा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उद्या आपलाच'.

"हे बघ," मातो म्हणाला. "यानं खरं सांगितलं होतं."

"हिरवा पायजे मला."

"हिरवी नाही म्हटलं ना."

"निळी हाय नव्हं? त्यात पिवळी घाल."

त्यानं खूप धुंडाळलं. सर्कशीच्या कागदाला वापरलेल्या पिवळ्या शाईचा एक डबा तळाशी सुकलेला होता. रॉकेल घालून खरवडला. दोन्ही मिसळल्यावर जो रंग आला तो शिजवलेल्या खाजकुइलीच्या पाल्यासारखा होता. हिरवा म्हणायचं कारण एवढंच, की दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

"सांग," मातो अक्षरांचे खिळे हातात घेऊन म्हणाला.

"तूच जोड की. मागचा मजकूर हाय तुज्याकडं."

"नाही, शेम्साबाई. मी अक्षरं जोडतो, माणूस मारत नाही. तू सांग, मी जोडतो."

शेम्सा यंत्राच्या दांडीला धरून उभी राहिली. तिनं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. झुचचं नाव सांगितलं. मातोचे हात खणाखणांतून फिरत होते. मग ते थांबले.

"तारीख?"

बावीस वर्षं तिनं अंदाजानं तारीख लिहिली नव्हती. या घडीलाही जिभेवर तेच आलं होतं, ठाऊक नाही. पण तसं छापलं तर कचेरी तो कागद मानणार नव्हती.

"धुक्याच्या दिवसाची घाल," ती म्हणाली.

मातोनं तारीख जोडली. पायाचा दट्ट्या दाबला. यंत्र एकदा खाकरलं आणि कागद बाहेर आला.

घरी येऊन तिनं खळ शिजवायला घेतली. पीठ होतं ते दोन मुठी. वेद्रानानं पिठाची पिशवी सासूच्या हातात पाहिली, टेबलावरचे कागद पाहिले. पातेल्यात पाणी रटरटू लागलं. वास आला तशी उना तापातही उठून बसली आणि तोंड उघडलं. तिला वाटलं लापशी आहे. शेम्सानं बोटभर खळ फुंकून गार केली आणि नातीच्या तोंडात घातली. मग आणखी एक बोट. उरलेली बादलीत ओतली.

लिंडनपाशी चार रिकामटेकडे उभे होते. शेम्सानं कागद लावला, तळव्यानं हवा काढली, कोपरे दाबले. खळ गरम असल्यानं बुंध्यातून वाफ निघाली.

"काय शेम्सा," एक जण म्हणाला, "परवा उतरवला, आज चढवला? झाइम काय झेंडा हाय व्हय?"

"तळघरात विचार त्याला, कुठला रंग आवडतो," दुसरा म्हणाला.

शेम्सानं ब्रश बादलीत घातला. "तळघर उघडं हाय. या बघाया. येताना लाकूड घिऊन या, लई गार हाय तितं."

पण त्यांनी ते मानलं नाही. बेकरीपाशी आली तेव्हा वरची मेव्हलाची खिडकी उघडली नाही. शेम्सानंच हाक मारली.

"मेव्हला!"

बऱ्याच वेळानं प्लास्टिक हललं. "काय हाय? सगळ्या मोहल्ल्याम्होरं खोटी पाडलीस मला. पातेलं बडवलं मी! माज्या नातवाला नाचवलं!"

"व्हय. पाडली."

"आता काय खरं? त्यो आलाय का मेलाय?"

शेम्सा वर पाहत उभी राहिली. या वेळी दातांत सुरी नव्हती. "मेलाय," ती म्हणाली. "शुक्रवारी तेव्हीद हाय त्याची, मयताच्या दुव्याला ये. माज्याकडं."

मेव्हलानं प्लास्टिक सोडलं.

त्याच दिवशी कचेरीत, सगळ्या रांगेसमोर, शेम्सानं जबाब दिला. एस्रेफनं लिहून घेतलं, पण शिक्का उचलला नाही. "शुक्रवारी बघू, मावशी," तो हळूच म्हणाला. "बायका आल्या, मयताच्या दुव्याला बसल्या, तर मग कुणाला तोंड उघडायला जागा उरणार नाही. बस शुक्रवारीच आहे. दुपारी."

शुक्रवारी शेम्सानं स्वैपाकघर पुसलं. चादरी अंथरल्या. मोठी जपमाळ मशिदीतून आणवली. खोलीभर बसलेल्या बायकांच्या हातांतून फिरेल एवढी लांब. वेद्रानानं उनाला होते ते सगळे कपडे एकावर एक घातले आणि गाठोडं दाराशी ठेवलं. नाव यादीत नव्हतं, तरी गाठोडं बांधलं. वेळ होऊन गेली. कुणी आलं नाही. चुलीत घालायला शेवटचं लाकूड उरलं होतं आणि शेम्सा ते घालत नव्हती, बायका आल्यावर घालायचं म्हणून.

मग जिन्यावर धापा ऐकू आल्या. मेव्हला आत आली. काखेत खुर्चीचा एक पाय होता. तो तिनं चुलीपाशी टाकला आणि शेम्साकडं न बघता भिंतीशी बसली.

"माजी खुर्ची हाय ही," ती म्हणाली. "तुज्या पोरापायी जाळतेय. ध्यानात ठेव."

तिच्यामागून दुसरी आली, हातात फळकुट. तिसरी पुस्तकांची फळी घेऊन. कुणी कोळशाचे दोन खडे रुमालात. एकेक येत होती, लाकूड टाकत होती, बसत होती. सगळ्यांत थोरल्या बाईनं दुव्याला सुरुवात केली आणि माळेचे मणी हातांहातांतून सरकू लागले. शेम्सा मधोमध बसली होती. जिच्या घरचं मयत तिनं तेव्हीद संपेपर्यंत उठायचं नसतं.

एस्रेफ दारात आला. बायकांच्या दुव्यात पुरुष येत नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबला. त्यानं आत बघितलं. खोली भरली होती. चूल पेटली होती. शेम्सा मणी मोजत होती. त्यानं खिशातून कागद काढला, चौकटीच्या लाकडावर धरला, शिक्क्यावर फुंकर मारली आणि दाबला.

वेद्रानानं कागद घेतला. उनाला उचललं. मग बायकांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत ती आत आली आणि सासूपाशी वाकली. शेम्सानं नातीच्या पाठीवर हात ठेवला. कपड्यांच्या इतक्या थरांतूनही खोकला हाताला लागला.

वेद्राना तिच्या कानाशी लागली. "आला तर सांगा त्याला," ती अगदी हळू म्हणाली, "स्प्लिटला ये म्हणून."

शेजारी मेव्हला बसली होती. तिनं ऐकलं. तिच्या बोटांत मणी क्षणभर अडकला, मग ती मोठ्यानं दुवा म्हणू लागली, बाकीच्यांपेक्षा मोठ्यानं.

"नीट जा," शेम्सा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्या दोघी गेल्या. दार उघडंच राहिलं. जिन्यावर पावलं आणि खोकला, मग अंगणात खोकला, मग उताराच्या दगडांवर. थंडी जमिनीसरशी आत येत होती आणि चुलीचा जाळ तिकडं वाकत होता. मेव्हला दार लावायला उठली.

"ऱ्हाऊंदे," शेम्सा म्हणाली.

"अगं, धग जाती सगळी."

"ऱ्हाऊंदे म्हनलं ना."

बायका थरथरत होत्या, पण दुवा थांबला नाही. खोकला खालच्या वळणापर्यंत ऐकू आला. मग पुलाच्या अलीकडं एकदा, अगदी बारीक. शेम्साच्या हातात मणी तसाच होता आणि डावीकडची बाई माळ ओढत होती. आणखी काही ऐकू येतंय का म्हणून शेम्सानं श्वास धरला. नाही आलं.

तिनं मणी सोडला.

"लाव आता," ती म्हणाली.